सर्व्हरचं घड्याळ रोज रात्री मागे उडी मारतं, तेव्हा

तुमची अडचण मी समजलो ती अशी. एका व्हर्च्युअल मशीनवर (दुसऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) लिनक्स आहे, त्यावर डेटाबेस आणि ॲप्लिकेशन दोन्ही चालतात. घड्याळ दिवसभरात साधारण साडेतीन सेकंद पुढे जातं, म्हणून तुम्ही रोज रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) एनटीपीडेट (नेटवर्कवरून वेळ घेऊन घड्याळ लावणारी कमांड) चालवता. तरीही लॉगमधल्या ओळींचा क्रम अधूनमधून उलटा दिसतो, आणि डेटाबेसमध्ये काही नोंदींची 'बदलल्याची वेळ' त्यांच्या 'तयार झाल्याच्या वेळे'आधीची निघाली. नंतर तुम्ही क्रोनी (घड्याळ सतत जुळवत राहणारा प्रोग्रॅम) बसवलं, त्याला वेळ सांगणारे दोन सर्व्हर दिले, आणि त्या दोघांचंही एकमेकांशी जमेना. आता तुम्ही विचारताय की दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, आणि खबरदारी म्हणून क्रॉनची ओळ तशीच राहू द्यायची का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कुठल्याच परिस्थितीवर अवलंबून नाही. ती ओळ आजच काढा. एकाच घड्याळाला दोन जण हात लावत असतील तर दोघांचंही काम बिघडतं. पुढे लिहिलेलं बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मूळ दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू. साडेतीन सेकंद चुकतात, ही तुमची खरी अडचण नाही. तुमच्या घड्याळाची चाल चुकीची आहे आणि तुम्ही चाल न बदलता फक्त काटे फिरवताय. दिवसाचे ८६,४०० सेकंद. दिवसाला साडेतीन सेकंद म्हणजे दहा लाखांत साधारण ४० भागांची चूक, ज्याला आपण ४० पीपीएम म्हणतो. क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालणाऱ्या साध्या घड्याळात एवढी चूक असणं अगदी नेहमीचं आहे. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. काटे रात्री दोनला बरोबर जागेवर येतात आणि दोन वाजून एक मिनिटापासून पुन्हा त्याच वेगाने पुढे पळू लागतात.

शिवाय काटे फिरवण्याची ती क्रियाच घातक आहे. चूक अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असली की एनटीपीडेट घड्याळ हळूहळू सरकवत बसत नाही, सरळ उडी मारतं. तुमचं घड्याळ पुढे असतं, म्हणजे उडी मागे. रात्री दोनच्या सुमाराचे साडेतीन सेकंद तुमच्या सर्व्हरवर दोनदा येतात. त्या साडेतीन सेकंदांत जी नोंद तयार झाली आणि उडीनंतर लगेच बदलली गेली, तिची बदलल्याची वेळ आधीची दिसणारच. तुमच्या विचित्र नोंदी काढून पाहा. त्या सगळ्या रात्री दोनच्या आसपासच्या निघाल्या तर हा भाग इथेच सुटला. दिवसभर विखुरलेल्या निघाल्या तर मात्र दुसरं कुणीतरी घड्याळाला हात लावतंय. त्याकडे पुढे येतो.

क्रोनी किंवा जुनं एनटीपीडी यांचं काम यापेक्षा वेगळ्या जातीचं असतं. ते ठरावीक अंतराने एनटीपी या नेटवर्कवरच्या पद्धतीने बाहेरच्या घड्याळांना वेळ विचारतात, उत्तरांवरून आपल्या घड्याळाची चाल किती चुकतेय याचा अंदाज बांधतात, आणि कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगतात की सेकंद एवढा एवढा लहान किंवा मोठा धर. काही तासांत चाल इतकी सुधारते की काटे फिरवायची गरजच उरत नाही. क्रोनी हा अंदाज ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मशीन पुन्हा सुरू झाल्यावर अभ्यास पहिल्यापासून करावा लागत नाही. नेटवर्क काही तास गेलं तरी घड्याळ शिकलेल्या चालीने चालत राहतं. रात्री एकदा धावणारी कमांड हे कधीच करू शकत नाही, तिला कालचं काही आठवत नसतं.

आता तुमचे दोन सर्व्हर. माझ्या पाहण्यात ही चूक सर्वांत जास्त वेळा येते, आणि ती करणारे लोक निष्काळजी नसतात. एकापेक्षा दोन बरे, असं कुणालाही वाटेल. पण दोन घड्याळं वेगवेगळी वेळ सांगत असतील तर खोटं कोण बोलतंय हे ठरवायला तिसरा साक्षीदार लागतो. एकच सर्व्हर असता तर तुम्ही निदान एका वेळेला धरून राहिला असता, मग ती चुकीची का असेना. दोन ठेवले की मतभेद कळतो, निवाडा करता येत नाही. तीन असले की एकटा पडलेला ओळखू येतो. मी चार ठेवतो, कारण एखादा बंद पडला तरी तीन उरतात आणि निवाडा चालू राहतो. त्यामुळे दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, तर तूर्त कुणाचंच ठरवू नका. आणखी दोन जोडा, उत्तर आपोआप समोर येईल.

चार सर्व्हर एकमेकांपासून स्वतंत्र हवेत, एवढं पथ्य पाळा. चारही एकाच मूळ स्रोताकडून वेळ घेत असतील तर ते चार साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराचे चार प्रतिध्वनी आहेत. एनटीपी पूल प्रकल्पाचं (सार्वजनिक वेळ-सर्व्हरचा सामायिक साठा) नाव 'पूल' या निर्देशाने दिलंत तर क्रोनी स्वतःहून चारपर्यंत सर्व्हर निवडून घेतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. प्रत्येक ओळीला 'आयबर्स्ट' जोडा, म्हणजे सुरुवातीचे काही प्रश्न झटपट विचारले जातात आणि पहिली वेळ लवकर जुळते. तुमच्याकडे वीस-पंचवीस मशीन असती तर मी म्हटलं असतं की आतच तीन-चार वेळ-सर्व्हर उभे करा, फक्त ते बाहेर विचारतील आणि बाकी सगळे त्यांना विचारतील. कारण अनेक मशीन असली की जगाशी जुळण्याइतकंच एकमेकांशी जुळणंही महत्त्वाचं होतं. एका मशीनसाठी तो खटाटोप नको.

दोन सर्व्हरमधला फरक किती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं निदान त्यावर ठरतं. फरक दहा-वीस मिलिसेकंदांचा असेल तर कदाचित दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. एनटीपीत प्रश्न निघाल्याची, पोचल्याची, उत्तर निघाल्याची आणि परत आल्याची अशा चार वेळा टिपल्या जातात आणि त्यांवरून फरक काढला जातो. त्यात एक गृहीत आहे: जाताना जेवढा वेळ लागला तेवढाच येताना लागला. समजा जाऊन येऊन ८० मिलिसेकंद लागले, पण प्रत्यक्षात जाताना ६० आणि येताना २० लागले. मग हिशेबात २० मिलिसेकंदांची चूक शिरली, आणि ती कितीही वेळा मोजलं तरी दिसणार नाही. या चुकीला कमाल मर्यादा आहे ती एकूण फेरीच्या निम्म्याची, इथे ४० मिलिसेकंद. म्हणून नेटवर्कच्या दृष्टीने जवळचे सर्व्हर घ्यावेत. फेरी लहान, तर लपू शकणारी चूकही लहान. फरक अर्ध्या सेकंदाचा किंवा जास्त असेल तर मात्र प्रकरण वेगळं आहे, एक घड्याळ खरोखर चुकलेलं आहे.

आता तुमचं मशीन व्हर्च्युअल आहे या गोष्टीकडे येतो. तुमच्या वर्णनात मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटली.

मी एकदा अशाच एका मशीनवर बरेच दिवस घालवले आहेत. क्रोनी नीट बसवलेलं, चार सर्व्हर, चारही एकमताने बोलणारे. तरी ऑफसेटचा (खऱ्या वेळेपासूनच्या फरकाचा) आलेख काढला की करवतीच्या दात्यांसारखा दिसायचा. दर मिनिटाला घड्याळ एकदम पुढे जायचं, मग क्रोनी त्याला हळूहळू मागे ओढायचं, तोवर पुन्हा उडी. चालीचा आकडा तर दर खेपेला वेगळा, कारण शिकायला स्थिर असं काही मिळतच नव्हतं. आम्ही नेटवर्कला दोष दिला, मग सर्व्हर बदलले, मग क्रोनीच्या सेटिंग उलटसुलट केल्या. शेवटी मी क्रोनीने घड्याळ एकदा बरोबर लावलं आणि क्रोनी पूर्ण बंद केलं. मग 'क्रोनीडी' कॅपिटल क्यू हा पर्याय देऊन चालवलं. तो फक्त फरक मोजून दाखवतो, घड्याळाला हात लावत नाही. पहिल्यांदा फरक जवळपास शून्य. मिनिटभराने पुन्हा पाहिलं तर ०.४१ सेकंद. मिनिटाला ०.४१ सेकंद म्हणजे ६,८०० पीपीएमच्या वर, आणि कुठलाही चालता स्फटिक एवढा चुकत नाही. मशीनमध्ये दुसरं कुणीतरी घड्याळ लावत होतं, हे त्या एका आकड्याने सांगितलं. ते होतं हायपरव्हायजरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) साधनांमधलं वेळ जुळवणं. ते दर मिनिटाला खालच्या यजमान मशीनची वेळ आत ढकलायचं आणि त्या यजमानाचं स्वतःचं जुळवणं केव्हाच बंद पडलेलं होतं.

तुम्हीही हीच चाचणी करा, दहा मिनिटांचं काम आहे. क्रोनी बंद, क्रॉन बंद, आणि दर मिनिटाला फरक मोजायचा. तुमच्या ४० पीपीएमच्या हिशेबाने दहा मिनिटांत घड्याळ साधारण २४ मिलिसेकंद पुढे जायला हवं, तेही सावकाश आणि एकाच दिशेने. असं दिसलं तर हायपरव्हायजर निर्दोष. मध्येच उडी दिसली तर त्या साधनांमधलं जुळवणं बंद करा. काही हायपरव्हायजरमध्ये नियमित जुळवणं बंद केलं तरी स्नॅपशॉट, स्थलांतर किंवा थांबवून पुन्हा सुरू करण्याच्या वेळी घड्याळ बदललं जातं आणि त्याची सेटिंग वेगळी असते, तेही तपासा. केव्हीएम (लिनक्समधलाच हायपरव्हायजर) असेल आणि यजमानाच्या घड्याळाची तुम्हाला खात्री असेल तर आणखी चांगली वाट आहे. पीटीपी-केव्हीएम हे कर्नल मॉड्यूल यजमानाचं घड्याळ आत एका उपकरणासारखं दाखवतं, आणि क्रोनी त्याला संदर्भ-घड्याळ म्हणून वापरू शकतं. तेव्हाही लावणारा हात एकच राहतो, क्रोनीचा.

कंटेनर वापरत असाल तर त्यात क्रोनी बसवू नका. कंटेनरला स्वतःचं घड्याळ नसतं, कर्नल एकच असतो. बाहेरच्या मशीनचं घड्याळ नीट ठेवलं की झालं.

उडी मारायचीच नाही का? सुरुवातीला मारावी. क्रोनीच्या सेटिंगमध्ये 'मेकस्टेप १ ३' अशी ओळ लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत आधीपासून असते. तिचा अर्थ असा की पहिल्या तीन मोजण्यांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त निघाला तर उडी मार, त्यानंतर कधीही मारू नकोस. डेटाबेस असलेल्या मशीनवर मी हेच ठेवतो. पण याला एक किंमत आहे. मशीन तासभर थांबवून पुन्हा चालू केलं आणि घड्याळ तासभर मागे राहिलं, तर क्रोनीच्या नेहमीच्या कमाल वेगाने सरकवूनही तो तास भरून यायला १२ तास लागतील, आणि तेवढा वेळ सर्व्हर चुकीच्या वेळेत जगेल. वारंवार थांबवल्या जाणाऱ्या मशीनसाठी म्हणून तीनच्या जागी उणे एक लिहितात, म्हणजे उडीला केव्हाही मोकळीक. तुमच्या मशीनवर असं क्वचितच होत असेल तर तीनच राहू द्या, आणि तसा प्रसंग आल्यावर ॲप्लिकेशन थांबवून 'क्रोनीसी मेकस्टेप' हाताने द्या. कुठलं बरोबर हे तुमच्या ॲप्लिकेशनला मागे जाणारी वेळ जास्त झोंबते की चुकीची वेळ, यावर आहे.

सुरुवातीची ती उडी डेटाबेस चालू व्हायच्या आधी व्हायला हवी, हे बहुतेक जण विसरतात. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणारी व्यवस्था) 'टाइम-सिंक' नावाचं टार्गेट, म्हणजे सुरू होण्यातला एक टप्पा आहे आणि क्रोनीबरोबर 'क्रोनी-वेट' ही सेवा येते. ती सेवा चालू करा आणि डेटाबेसला त्या टार्गेटनंतर सुरू व्हायला सांगा. एवढ्याने मशीन रीबूट झाल्यावरच्या विचित्र नोंदी थांबतात. 'आरटीसीसिंक' ही ओळही असू द्या, म्हणजे कर्नल दर ११ मिनिटांनी बरोबर वेळ हार्डवेअरच्या घड्याळात उतरवतो आणि पुढच्या वेळी सुरुवातच जवळून होते.

क्रोनीऐवजी सिस्टिमडीचं टाइमसिंकडी चालेल का, असा प्रश्न मला नेहमी येतो, म्हणून लिहितो. ते एका वेळी एकाच सर्व्हरला विचारतं, अनेकांची तुलना करत नाही. डेस्कटॉपसाठी पुरेसं आहे. डेटाबेससाठी मी वापरणार नाही. दोन्ही एकत्र तर मुळीच चालू ठेवू नका.

फायरवॉलमध्ये एक खाचखळगा आहे. एनटीपी यूडीपीच्या १२३ पोर्टवर चालतं. जुनं एनटीपीडी प्रश्न विचारतानाही स्वतःच्या बाजूला १२३ हाच पोर्ट वापरतं, तर क्रोनी सहसा प्रत्येक वेळी कुठलाही मोकळा पोर्ट घेतं. कुणीतरी फायरवॉलमध्ये 'दोन्ही बाजूंना १२३' असा नियम लिहून ठेवला असेल तर एनटीपीडी चालतं आणि क्रोनी गप्प बसतं, आणि दोष क्रोनीवर येतो. 'क्रोनीसी सोर्सेस' दिल्यावर रीच नावाचा स्तंभ दिसतो. त्यात शून्य दिसत असेल तर एकही उत्तर परत येत नाहीये, आधी फायरवॉल पाहा. तो आकडा ऑक्टल (आठच्या पायाच्या) पद्धतीचा असतो आणि ३७७ म्हणजे शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तर मिळालं. त्याच यादीत ओळीच्या सुरुवातीला चिन्ह असतं: तारा म्हणजे सध्या याच्याशी जुळवलेलं आहे, अधिक म्हणजे याचंही मत हिशेबात घेतलंय, आणि इंग्रजी एक्स म्हणजे हा खोटं बोलतोय असा क्रोनीचा निष्कर्ष. चौथा सर्व्हर जोडल्यावर तुमच्या पहिल्या दोघांपैकी एकापुढे हे एक्स उमटलं, की तुमचा पहिला प्रश्नही सुटला.

सगळं ठीक चाललंय हे कसं ओळखायचं? 'टाइमडेटसीटीएल' घड्याळ जुळलेलं आहे असं सांगतं तेवढ्यावर थांबू नका. ते हो किंवा नाही एवढंच सांगतं, किती ते सांगत नाही. 'क्रोनीसी ट्रॅकिंग' द्या आणि चार आकडे बघा. फ्रीक्वेन्सी या ओळीत तुमच्या घड्याळाची मूळ चाल दिसते. तिथे तुम्हाला ४० पीपीएमच्या आसपास आणि पुढे 'फास्ट' असं दिसायला हवं, कारण तुमचं घड्याळ पुढे पळतं. हा आकडा मोठा असणं चिंतेचं नाही. तो रोज बदलत राहणं चिंतेचं आहे. तापमानाने थोडाफार हलेल, पण सकाळी ४० आणि दुपारी ९० असं होत असेल तर पुन्हा कुणीतरी हात लावतंय किंवा कर्नलने मूळ घड्याळ-स्रोत बदललाय. दुसऱ्या शक्यतेसाठी कर्नलच्या लॉगमध्ये टीएससी (प्रोसेसरमधला ठोके मोजणारा मोजक) अस्थिर ठरवल्याची ओळ शोधा.

बाकीचे तीन आकडे एकत्र वाचायचे. सिस्टिम टाइमचा फरक, रूट डिले (मूळ स्रोतापर्यंतच्या फेरीचा वेळ) आणि रूट डिस्पर्शन (वाटेत साचलेली अनिश्चितता). फरकात रूट डिलेचा निम्मा भाग आणि पूर्ण डिस्पर्शन मिळवलं की सध्याची चूक जास्तीत जास्त किती असू शकते ते मिळतं. समजा फरक ०.०००२, रूट डिले ०.०२४ आणि डिस्पर्शन ०.००३ सेकंद आहे. मग बेरीज ०.०१५२, म्हणजे साधारण १५ मिलिसेकंद. स्रोत जोवर प्रामाणिक आहेत तोवर चूक याहून मोठी नाही. देखरेखीत इशारा लावायचा तो या बेरजेवर लावा. नुसत्या फरकावर लावलात तर स्रोत तुटल्यावरही तो आकडा लहानच दिसत राहतो. डिस्पर्शन मात्र वाढत जातं आणि बेरीज बोलू लागते.

इशारा कितीवर लावायचा, हे तुमच्या गरजेवर आहे. इंटरनेटवरून काही मिलिसेकंद ते दहाच्या काही पटींत मिलिसेकंद, एकाच स्थानिक नेटवर्कवर एका मिलिसेकंदाच्या आत, एवढी अपेक्षा रास्त आहे. मायक्रोसेकंद हवे असतील तर पीटीपी (एनटीपीहून अचूक पद्धत) आणि ते पाळणारं हार्डवेअर लागतं, आणि तुम्हाला ते लागत नाही. कर्बेरॉस (नेटवर्कवर ओळख पटवण्याची पद्धत) सहसा पाच मिनिटांपर्यंतचा फरक खपवून घेतो, वेळेवर चालणारे एकवापर संकेतांक बहुधा ३० सेकंदांचे असतात. एका मशीनवरच्या डेटाबेससाठी मी इशारा १०० मिलिसेकंदांवर लावेन.

लीप सेकंदाबद्दल (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला वेळेत घातलेला जादा सेकंद) थोडंच. शेवटचा २०१६च्या अखेरीला आला होता. काही सार्वजनिक सर्व्हर तो सेकंद एकदम न देता अनेक तासांवर पसरवतात, काही तसं करत नाहीत. दोन्ही प्रकारचे सर्व्हर एकाच यादीत ठेवू नका, नाहीतर त्या दिवशी प्रामाणिक घड्याळंही एकमेकांना खोटं ठरवतील.

एक काम तुमच्या ॲप्लिकेशनचंही आहे. एखाद्या कामाला किती वेळ लागला हे मोजायला भिंतीवरची वेळ, म्हणजे नेहमीची तारीख-वेळ वापरू नका. त्यासाठी लिनक्समध्ये मोनोटॉनिक घड्याळ आहे, ते कधी मागे जात नाही. आणि नोंदींचा क्रम ठरवायला वेळेवर विसंबू नका, डेटाबेसकडून चढता क्रमांक घ्या. घड्याळ कितीही चांगलं असलं तरी दोन घटना एकाच मिलिसेकंदात घडू शकतात.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आधी क्रॉनची ओळ काढा आणि टाइमसिंकडी बंद आहे ना ते पाहा. मग दहा मिनिटांची ती चाचणी, कारण हायपरव्हायजर घड्याळ लावत असेल तर पुढचं सगळं वाया जाईल. त्यानंतर चार स्रोत देऊन, ॲप्लिकेशन थांबवून क्रोनी सुरू करा, म्हणजे पहिली उडी कुणाला लागणार नाही. पहिले २४ तास इशारा लावू नका, फक्त दर तासाला फ्रीक्वेन्सी आणि ती बेरीज लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी फ्रीक्वेन्सीचे आकडे एकमेकांपासून एक-दोन पीपीएमच्या आत असतील तर इशारा लावा. नसतील तर ते २४ आकडे आणि हायपरव्हायजरचं नाव इथे लिहा, आकडे कसे हलताहेत यावरून पुढचं सांगता येईल.